आळंदहून फिरलेलं मूळ

काकासाहेब दाभाड्यांच्या मोटारीत हरभऱ्याएवढा एक लाल दिवा होता, आणि त्या दिव्यानं त्यांचे पाच महिने खाल्ले. दिव्यावर तेलाच्या झारीचं चित्र. चावी फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला म्हणजे तेल इंजिनात नीट दाबानं फिरतंय, बिनघोर जा. पण गाडी घरी येऊन पुरते बारा दिवस झाले नव्हते तोच, जालना रोडवर ऐन सिग्नलला, इंजिन चांगलं चालू असताना दिवा आपल्या मनानं लागला. काकासाहेब त्याच्याकडे बघत बसले. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला, मागच्या रिक्षावाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली, तरी त्यांची नजर हलेना.

दुसरा एखादा असता तर लागला तर लागू दे म्हणून पुढं गेला असता. पण काकासाहेब सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. लाल शाईचा शेरा आला की त्याचा खुलासा दिल्याशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही, ही अठ्ठावीस वर्षांची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी गाडी ढकलत कडेला घेतली, कुलूप लावलं आणि ते रिक्षानं घरी आले. रिक्षा तीच होती, हे त्यांनी आशाबाईंना सांगितलं नाही.

आशाबाईंना हे मोटारीचं खूळ पहिल्यापासून पसंत नव्हतं. गारखेड्यात दोन खोल्या, नवऱ्याचं ऑफिस सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर. मोटार काय चाटायची होती? पण मोटार ऑफिससाठी नव्हतीच. ती आक्कांसाठी होती.

आक्का म्हणजे काकासाहेबांची थोरली बहीण, आवडाबाई. आई सदा आजारी, त्यामुळे या धाकट्या भावाला आक्कांनीच कडेवर वागवून मोठं केलेलं. त्यांना अजिंठ्याला दिलं तेव्हा काकासाहेब सात वर्षांचे होते आणि वरातीच्या मागं रडत वेशीपर्यंत पळाले होते. पुढं आईबाप गेले, गावचं घर भावकीत गेलं, आणि आक्कांचं माहेर म्हणजे गारखेड्यातल्या या दोन खोल्या, एवढंच उरलं. आता लेकीनं माहेरी आपणहून यायचं नसतं. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो. त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं, जेवलं, की लेक डोक्यावरचा पदर सावरत साऱ्या गल्लीच्या देखत त्याच्यासंगं निघते. वय वीस असो की पासष्ट, त्या निघण्याचा तोरा तोच. दर दिवाळीला काकासाहेब एसटीनं जायचे आणि भाऊबीजेला आक्कांना घेऊन यायचे. पण चार वर्षांपासून आक्कांचे गुडघे गेले. एसटीची पहिली पायरी त्यांना चढवेना. काळ्यापिवळ्या जीपमध्ये अकरा माणसं आत आणि चार बाहेर, तिथं गुडघ्याला जागा कुठली? चार दिवाळ्या आक्कांचं ओवाळणं राहून गेलं. तेव्हा गाडी घेतली त्या दिवशीच काकासाहेबांनी त्यांना फोनवर सांगून टाकलं, की औंदा तुला न्यायला मोटार घेऊन येतो. आक्कांनी ते गल्लीत सांगितलं. गल्लीनं गावात सांगितलं. आणि दिवाळीला सव्वा महिना असताना दिवा लागला.

मोटारीला काही झालं की शेजाऱ्यांना कंठ फुटतो. शेजारचे पुंजाराम हे एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षांत एक कोंबडीही चाकाखाली आली नाही, असं ते स्वतः सांगत. कोंबड्यांचं म्हणणं कुणी घेतलेलं नव्हतं. काकासाहेबांना गाडी शिकवली ती त्यांनीच, त्यामुळे पहिला हक्क त्यांचा. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि उसासा टाकला. डॉक्टर असा उसासा टाकतात तेव्हा नातेवाईकांना बाहेर बोलावतात. "साहेब, लाल दिवा म्हंजी थांबा," ते म्हणाले. "तेलाचा दाब गेला की इंजन जाम. मंग गाडी भंगारात." वरच्या मजल्यावरच्या चतुराबाईंचं मत पडलं की गाडी अवसेला आणली, दुसरं काही नाही. आशाबाईंनी लिंबू-मिरची बांधली आणि भद्रा मारुतीची तसबीर डॅशबोर्डावर चिकटवली. ती नेमकी त्या दिव्यावर बसली. दोन दिवस दिवा दिसला नाही आणि घरात शांतता होती. मग काकासाहेबांना राहवेना. त्यांनी तसबीर उचलून बघितलं, तर मारुतीच्या पाठीमागं दिवा तसाच जळत होता.

शेवटी ते शहागंजात मजीदभाईंकडे गेले. मजीदभाई जुने मेकॅनिक, बोलायला थोडे, हाताला सावकाश. त्यांनी तेलाची पट्टी ओढून बघितली: तेल बरोबर. काळं नाही, कमी नाही. मग कान इंजिनाजवळ नेऊन डोळे मिटून उभे राहिले. "काकासाब, इंजन तो अच्छा बोल रहा," ते म्हणाले. "बाजू में एक छोटा स्विच रहता, वोच बत्ती जलाता. मेरे हिसाब से वोच खराब है. लेकिन मीटर लगाके दाब देखे बगैर मैं कुछ नै बोलता. अंदाजे से बोलना हराम है." तेलाचा दाब मोजायचं त्यांचं मीटर मेहुणा शफीक पैठणला घेऊन गेला होता. येईल आठ दिवसांत.

आता इथं काकासाहेबांची चूक झाली, आणि अशी चूक आपल्यातला कुणीही करील. तासभर नाडी बघून जो डॉक्टर दोन गोळ्या देतो त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही. सुया टोचणारा, फोटो काढायला लावणारा असला म्हणजे आपल्याला आजाराची किंमत कळल्यासारखं वाटतं. एवढा लाल दिवा, आणि कारण काय, तर सुपारीएवढा स्विच? काकासाहेबांना तो स्वतःचा अपमान वाटला. आठ दिवस झाले, मग पंधरा झाले, शफीक येईना. मजीदभाई रोज सांगत, "आता, आता." पैठणला गेलेली माणसं तिथून हलत नाहीत ती का, हे काकासाहेबांना कळेना.

दिवाळी दारात आली. पुंजारामांनी उपाय काढला: दाट तेल घाला, ट्रॅक्टरला घालतात तसलं. पातळ तेलाला दाब कसा येणार? ते घातलं आणि काय नवल, दिवा विझला. तीन दिवस लागलाच नाही. पुंजाराम गल्लीत छाती काढून हिंडले. भाऊबीजेच्या सकाळी काकासाहेबांनी सफारी घातली, आशाबाईंनी आक्कांसाठी घेतलेलं जरीकाठी लुगडं आणि वाटेची शिदोरी मागच्या सीटवर ठेवली, भाकरतुकडा ओवाळून टाकला. काकासाहेबांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून अजिंठ्याला निरोप दिला, "मूळ निघालं म्हणून सांगा." पुंजाराम शेजारी बसले आणि गाडी निघाली.

फुलंब्री मागं पडली. आभाळ स्वच्छ, कपाशीची बोंडं फुटलेली. काकासाहेब मनात आक्कांच्या दारात पोचलेही होते. आळंदच्या अलीकडं दिवा लागला.

पुंजारामांनी गाडी थांबवायला लावली. इंजिन थंड होऊ दिलं, सुरू केलं; दिवा विझला, फर्लांगभर गेल्यावर पुन्हा लागला. आळंदच्या स्टँडसमोर त्यांनी पाचव्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा आठ-दहा माणसं जमा झाली होती. एक म्हणाला पुढं जा, एक म्हणाला इथंच ठेवा, एकानं विचारलं गाडी विकायची का. पुंजारामांचं एकच म्हणणं: पुढं गेलात तर इंजिन जाम. आता मागं जायचं तरी त्याच इंजिनानं जायचं होतं आणि रस्ता जवळजवळ तेवढाच होता. पण जाम झालं तर निदान घराच्या बाजूला होईल, असा त्यांचा हिशोब. भल्या माणसांच्या डोक्यात भीती शिरली की असलेच हिशोब बरोबर वाटतात.

तेवढ्यात सिल्लोडकडं जाणारी एसटी आली. थांबली. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. गाडी पुंजारामांवर सोडून काकासाहेब तिच्यात बसले असते तर दुपारपर्यंत अजिंठ्याला पोचले असते. ते दोन पावलं पुढं गेलेही. मग त्यांच्या डोळ्यांपुढं ती गल्ली आली. मोटार बघायला जमलेली सारी गल्ली, आणि एसटीतून पिशवी घेऊन उतरणारे आपण. त्यांचे पाय तिथंच थबकले. एसटी गेली. अर्ध्या तासानं दुसरी आली, तीही गेली. मग त्यांनी गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा मुलगा बन्सी याचा फोन आला. आई सकाळपासून नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून ओट्यावर बसली होती. दिवस मावळला तरी आत यायला तयार नव्हती. गल्लीतल्या बायका येऊन बघून जात होत्या. रात्री बूथवाल्यानं काकासाहेबांचा निरोप आणला, की गाडी आळंदहून परत गेली. तेव्हा शेजारची एक म्हातारी बोलली, मूळ वाटंतून फिरलं. हे बरं नसतं. "मामा, आई म्हन्ती आता येऊ नका," बन्सी म्हणाला. "म्हन्ती, माहेर सरलं माझं." काकासाहेबांनी फोन ठेवला. त्या रात्री त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा काही मागितलं नाही.

मग मात्र ते इरेला पेटले. आता काहीही होवो, या दिव्याचा खुलासा झालाच पाहिजे. ते एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथं काचेची केबिन होती, नंबराचं टोकन होतं, निळ्या डगल्यातला इंजिनिअर होता. त्यानं दिवा बघितला आणि इंजिन खालून उघडावं लागेल असं इंग्रजीत सांगितलं. काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला. याला म्हणतात निदान. पण इंजिन उघडायचं तर मालकाची सही हवी, आणि कागदोपत्री मालक अजून एक डॉक्टर, ज्यांच्याकडून ही वापरलेली गाडी घेतली होती. डॉक्टर मुलाकडं परदेशी गेलेले. गाडी आधी स्वतःच्या नावावर करा, गॅरेजवाले म्हणाले. काकासाहेब अर्ज घेऊन परिवहनच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाबूनं अर्ज तीनदा वाचला, गाडी तपासणीला हजर करा म्हणून सांगितलं. गाडी चालवता येत नाही, दिवा लागतो, काकासाहेब म्हणाले. मग दुरुस्त करून आणा. दुरुस्तीला नाव लागतं. नावासाठी गाडी लागते. बाबूनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "नियम मी केला नाही साहेब, मी फक्त खिडकीत बसतो." काकासाहेबांनी अर्जाची घडी घातली. हेच वाक्य, शब्दाला शब्द, त्यांनी स्वतः अठ्ठावीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ते इतकं वाईट ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

अखेर दोरानं टेंपोला बांधून गाडी तपासणीला नेली. टेंपो पुढं, गाडी मागं, आत सुकाणू धरून काकासाहेब. सेव्हन हिलच्या चढावर ऑफिसातले दोन सहकारी स्कूटरवरून गेले आणि हात हलवून गेले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात चहाच्या वेळी काकासाहेब आले की बोलणं थांबायचं. माणसाची अब्रू अशीच जाते, दोरानं बांधून, भर दुपारी.

पौषात गाडी नावावर झाली आणि इंजिन खालून उघडलं. आत काहीच नव्हतं. तेलाची जाळी स्वच्छ, पंप धडधाकट, बेअरिंगं नव्यासारखी. इंजिनिअरनं डोकं खाजवलं. सगळं पुन्हा बसवलं, ताजं तेल घातलं, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि दिवा लागलेला राहिला. आता इंजिन वरूनही उघडून बघू, असं त्यानं सुचवलं. काकासाहेबांनी चावी घेतली आणि ते निघून आले.

माघ लागल्यावर एके दिवशी शहागंजातून निरोप आला: शफीक पैठणहून आलाय, मीटर आलंय. काकासाहेब पडेल चेहऱ्यानं गेले. मजीदभाईंनी इंजिनाच्या बाजूचा तो सुपारीएवढा स्विच काढला आणि त्याच्या जागी घड्याळासारखं मीटर बसवलं. इंजिन सुरू केलं, चांगलं तापू दिलं. काटा वर चढला आणि तिथंच उभा राहिला. मजीदभाईंनी इंजिन हळू केलं, तरी काटा हवा तिथंच. नवा स्विच बसवला, दिवा विझला. सांगितलेला चहा येऊन निवायच्या आत सगळं झालं.

"दाब पैलेसे पूरा था काकासाब," मजीदभाई म्हणाले. "बत्ती झूट बोल रही थी."

"मग भाऊबीजेला आम्ही पुढं गेलो असतो तर?"

मजीदभाईंनी बोळ्याला हात पुसले. "अजिंठा जाके वापस आते," ते म्हणाले. "आरामात."

काकासाहेब तिथल्या लोखंडी खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. आनंद व्हायला हवा होता. झालं काय, की ते बोटांवर आळंद ते अजिंठा अंतर मोजत बसले. मजीदभाईंनी दुसरा चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच निघाले. फोन केला नाही, पुंजारामांना सांगितलं नाही. आशाबाईंनी तेच लुगडं पुन्हा मागच्या सीटवर ठेवलं, आणि आक्कांना आवडतात म्हणून पुरणपोळ्यांचं पुरण शिजत घातलं. आळंद आलं, गेलं. सिल्लोड गेलं. दिवा लागला नाही. अजिंठ्याच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा आक्का ओट्यावर जोंधळे निवडत बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि पुन्हा सुपात बघू लागल्या.

काकासाहेब पायरीवर बसले आणि त्यांनी सगळा खुलासा दिला. स्विच, मीटर, शफीक, पैठण, नाव, खिडकी, टेंपो. आक्का खडे वेचत ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आळंदला एसटी थांबत नाय का रं?"

"थांबती."

"त्या दिशी थांबली नसंल."

"थांबली व्हती, आक्का. दोन थांबल्या."

"मंग?"

कचेरीत वाढलेल्या माणसाला उत्तरं देता येतात. काकासाहेबांनी दिलं ते मात्र कुठल्याच फायलीत नव्हतं. "लाज वाटली," ते म्हणाले. "समद्या गावाला मोटार येणार म्हणून ठावं झालं व्हतं."

आक्कांचा हात सुपात थांबला. "मी मोटारीची वाट बघत व्हते व्हय रं?" त्या म्हणाल्या.

छप्पन्न वर्षांचे, सफारी घातलेले काकासाहेब पायरीवर बसून रडले. आक्कांनी त्यांना रडू दिलं. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायच्या तसंच, जरा जोरात. आत नेऊन जेवू घातलं. काकासाहेब म्हणाले, आता चल. आक्कांनी नाही म्हणून मान हलवली. मूळ वाटेतून फिरलं की वर्ष उलटेपर्यंत लेकीनं माहेराचा उंबरा ओलांडू नये, असं गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं आणि आक्कांनी त्यांना शब्द दिला होता. काकासाहेब हे सगळं खोटं असतं म्हणून सांगायला गेले. पण खोट्या दिव्याला भिऊन ज्यानं गाडी फिरवली, त्यानं कुणाला काय शिकवायचं? ते चावी घेऊन उठले.

निघताना मात्र आक्का आत गेल्या, भाऊबीजेला वाट बघताना नेसलेलं आपलं नवं लुगडं नेसून आल्या आणि काठी टेकत टेकत गाडीत बसल्या. "येशीपस्तोर ने," त्या म्हणाल्या. "येशीच्या आत माझंच घर हाय." काकासाहेबांनी गाडी चालीच्या वेगानं नेली. बायका दारात आल्या. आक्का ताठ बसल्या होत्या, पदर डोक्यावर, कुणाकडं न बघता सगळ्यांना दिसत होत्या. वेशीपाशी वळून गाडी परत दारात आली. बन्सीनं त्यांना धरून उतरवलं. उतरल्यावर त्यांनी काचेतून आत वाकून बघितलं.

"फुडल्या दिवाळीला ये," त्या म्हणाल्या. "असले तर येईन. आन् मोटार नको आनू. पायरी चढीन मी कशीबशी, पन एसटीनं ये. ती येती तरी."

काकासाहेब संध्याकाळी गारखेड्याला पोचले. गाडीचा आवाज ऐकून आशाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. चतुराबाई वरून वाकल्या होत्या, पुंजाराम फाटकाशी उभे होते. आशाबाईंनी मागच्या सीटवर बघितलं. तिथं त्यांनीच ठेवलेली लुगड्याची घडी तशीच होती आणि आक्कांनी दिलेली जोंधळ्यांची पिशवी.

"दिवा एकदाही लागला नाही," काकासाहेब म्हणाले.

"मी आक्कांचं विचारते," आशाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ते गाडीला कुलूप लावू लागले.